तीर्थनच्या काठी ऑक्टोबरचे पाच तास: ट्राउट गरवायला जाताना

खाडीकाठी वाढलेल्या माणसाला एक सवय असते: मासा आपल्याकडे येतो. भरती लागली की गरीला कोळंबी लावायची, तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, पाण्यात सोडायचा आणि धक्क्यावर बसून राहायचं. पाणी चढतं, पाण्याबरोबर मासा चढतो, आपण फक्त जागं राहायचं. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर थंड, वाहत्या पाण्यातला ट्राउट मासा गरवायला पहिल्यांदा गेलो तेव्हा हीच बैठक मी सोबत नेली होती. एक मोठा, हिरवागार डोह निवडला, शेजारी ऐसपैस खडक होता त्यावर मांडी घातली आणि तीन तास बसलो. मासा सोडा, सावलीसुद्धा दिसली नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या घरचे आजोबा हसून म्हणाले की इथे मासा बसतो आणि माणूस चालतो.

पुढे जे लिहितोय ते सगळं त्या एका वाक्याचा विस्तार आहे. लेख छोट्या फेरीसाठी आहे. सहकुटुंब हिमाचलला गेलात, हातात एकच मोकळा दिवस आहे, त्यातलेही पाचसहा तासच मिळणार आहेत, आणि महिना ऑक्टोबर आहे, एवढं गृहीत धरतो.

आधी कॅलेंडर बघा

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गळ टाकायला बंदी असते. थंडी वाढली की ब्राउन ट्राउट विणीला लागतो, म्हणून ही बंदी. आपल्या लोकांची फसगत इथेच होते, कारण आपण हिमाचलची तिकिटं दिवाळीच्या सुट्टीची काढतो. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आलं, तेव्हा जमून गेलं. 2024 मध्ये ते 1 नोव्हेंबरला होतं, म्हणजे फराळ करून निघालेला माणूस नदीवर पोचेपर्यंत बंदी लागलेली. 2026 मध्ये 8 नोव्हेंबरला आहे, तिथे तर प्रश्नच मिटला. अशा वर्षी दसऱ्याची सुट्टी धरावी. फक्त एक लक्षात ठेवा, कुल्लूचा दसरा आपला दसरा असतो त्या दिवशी सुरू होतो आणि पुढे आठवडाभर चालतो. त्या दिवसांत कुल्लूकडचे रस्ते आणि खोल्या भरलेल्या असतात, सरकारी कचेऱ्याही सुट्टीच्या तंद्रीत असतात.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस मागे हटतो, नदीचा गढूळपणा बसतो, आणि ऑक्टोबरभर पाणी उतरत, निवळत जातं. माझ्या मते पहिले तीन आठवडे सगळ्यात चांगले. शेवटच्या आठवड्यात मासा भेटतो, पण तो विणीच्या तयारीत असतो. तेव्हा गरवायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. मी टाळतो.

नदी आणि मासा

तीर्थन ही कुल्लू जिल्ह्याच्या बंजार भागातली नदी. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आतून ती येते, गुशैणीला तिला फलाचन मिळते, नागणी आणि बंजारवरून खाली जाते आणि पुढे लारजीपाशी बियासच्या पाण्यात मिसळते. हे पार्क 2014 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून खोऱ्यातल्या लोकांनी न्यायालयापर्यंत लढा दिला, त्यामुळे ही नदी अजून मोकळी वाहते. आपल्याला याचा सरळ फायदा असा, की ट्राउटला लागणारं थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी इथे शिल्लक आहे.

ट्राउट मात्र इथला मूळचा नव्हे. ब्राउन ट्राउटची अंडी ब्रिटनमधून बर्फात घालून काश्मीरला आणली गेली, तिथे तो रुजला, आणि 1909 च्या सुमारास काश्मीरची अंडी कुल्लूत आली. साहेबाला सुट्टीत गळ टाकायला त्याच्या घरचा मासा हवा होता, एवढंच त्याचं कारण. रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा. इथे तो बहुतेक शेततळ्यांसारख्या लांबट सिमेंटच्या हौदांत पाळला जातो आणि त्यातला एखादा निसटून नदीत भेटतो. इथल्या मूळच्या माशाला इंग्रजांनी स्नो ट्राउट नाव दिलं, पण तो ट्राउट नाहीच. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला आहे, तोंड खालच्या बाजूला असतं आणि दगडांवरचं शेवाळ खरवडून खातो. चुकून गळाला लागला तर आदराने सोडा, या पाण्यात खरा घरमालक तो आहे.

ब्राउनच्या अंगावर काळे आणि लाल ठिपके असतात, ठिपक्यांभोवती फिकट कडं. बाजू सोनेरी तपकिरी. शरद ऋतूत नराचा खालचा जबडा आकडीसारखा वर वळतो. रेनबोच्या अंगावरून गुलाबी पट्टा जातो आणि शेपटीवरही ठिपके असतात. दोघांच्याही पाठीवर शेपटीच्या थोडं आधी एक छोटा मांसल पर असतो, तो रोहू-कटल्याच्या कुळात नसतो. तीर्थनवर लागणारा मासा बहुतेक वेळा वीतभर ते फूटभर असतो. मोठे आहेत, पण ते मोठे झालेत कारण ते आपल्यासारख्यांना ओळखून आहेत.

पोचणं आणि परवाना

दिल्ली किंवा चंडीगडहून मनालीला जाणाऱ्या रात्रीच्या बसने औटला उतरायचं. कंडक्टरला तिकीट काढतानाच सांगून ठेवा, कारण बस पहाटे पोचते आणि झोप लागली तर तुम्ही थेट कुल्लूत जागे व्हाल. औटहून बंजार साधारण पाऊण ते एक तास, आणि बंजारहून गुशैणी पुढे दहाएक किलोमीटर. जीप मिळते, स्थानिक बसही मिळते. 2023 आणि 2025 च्या पावसाळ्यात या भागातल्या रस्त्यांचं फार नुकसान झालं, तेव्हा निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून रस्ता विचारून घ्या.

परवाना राज्याच्या मत्स्य विभागाचा लागतो आणि तो दिवसाच्या हिशेबाने मिळतो. कुठे मिळेल ते होमस्टेवाले सांगतात, बऱ्याचदा माणूसही सोबत देतात. आदल्या दिवशी दुपारीच काढून ठेवा. सकाळी काढू म्हणाल तर साहेब अकराला येतात आणि तुमची निम्मी फेरी बाकावर बसण्यात जाते. परवान्यावर लिहिलेल्या अटी, म्हणजे किती मासे, किती लांबीचे, कोणता पट्टा, हे उभ्याउभ्या वाचून घ्या. परवाना गळाचा असतो, जाळ्याचा नव्हे. आणि नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ काढायचाही नाही. गुशैणीच्या वर चालत गेलात तर हद्द कुठे लागते हे आधी विचारा.

पिशवीत काय असावं

नवीन माणसाने स्पिनिंगचं सामान घ्यावं. सहा ते सात फुटांचा हलका रॉड, शक्यतो चार तुकड्यांचा, म्हणजे विमानात सुटकेसमध्ये मावतो. 1000 किंवा 2000 मापाचं रीळ, त्यावर चार ते सहा पौंडांचा ताण सोसणारा तंगूस. खाडीत वापरतो तो जाड तंगूस इथे उपयोगाचा नाही, या पाण्यात तो दोरखंडासारखा दिसतो. स्पिनर म्हणजे फिरत्या पात्याचं धातूचं आमिष, शून्य ते दोन नंबरचे पाचसहा पुरेत. एक नंबरचा साधारण साडेतीन ग्रॅम भरतो आणि माझं बहुतेक काम त्याच्यावरच होतं. ऊन असेल तर तांब्याच्या रंगाचा, सावलीत चांदीसारखा. तंगुसाला पीळ पडू नये म्हणून मध्ये बारीक स्विव्हल, म्हणजे फिरती कडी.

घरीच एक काम उरकून टाका. स्पिनरचा तीन तोंडांचा गळ काढून तिथे एकच गळ लावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा पटकन सुटतो, म्हणजे तुमच्या हातून सोडवताना, आणि कधीकधी त्याआधीही. चालायचंच. तोच गळ कधी तुमच्या अंगठ्यात गेला तर या कामाची किंमत कळेल.

फ्लायने, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली किड्याने, गरवता येत असेल तर चार किंवा पाच नंबरचा आठ-नऊ फुटी रॉड, तरंगती लाइन, तिच्या टोकाला बांधायचा नऊ फुटांचा निमुळता दोरा म्हणजे लीडर, आणि 12 ते 16 मापाच्या फ्लाय: एल्क हेअर कॅडिस, अॅडम्स, फेझंट टेल, हेअर्स इअर. एवढ्यावर अख्खा ऑक्टोबर निघतो.

पोलराइज्ड गॉगल मात्र रॉडइतकाच गरजेचा धरा. पाण्यावरची चकाकी त्याने जाते आणि तळातला दगड, दगडामागचा मासा, पाय ठेवायची जागा, तिन्ही दिसतात. कपडे मातकट रंगाचे. पहिल्या फेरीला मी लाल जाकीट घालून गेलो होतो, फोटो छान आले. याशिवाय बारीक जाळीचा हातजाळा, लांब चिमटा किंवा पकड, पकड असलेले बूट, एक काठी, पाण्याची बाटली आणि जादा मोज्यांची जोडी. गळ, चाकू, पकड हे सगळं विमानात चेक-इन सामानात.

नदी वाचायची कशी

सकाळी सहाला उठून धावायची गरज नाही. दरी अरुंद आहे, ऊन पाण्यावर यायला नऊ वाजतात आणि साडेतीन-चारला ते निघूनही जातं. ऑक्टोबरच्या मध्यात सकाळी आठला मी पाण्यात थर्मामीटर बुडवला तेव्हा आठ अंश भरले होते, दुपारी दोनला अकरा. ब्राउन ट्राउट दहा ते सोळा अंशांत मोकळेपणाने खातो. म्हणजे दहा ते तीन हे आपले पाच तास. भरपेट नाश्ता करून निघा.

पट्टा छोटा निवडा. अर्धा किलोमीटर म्हटलं तरी पुष्कळ झाला. नागणी ते गुशैणी या टापूत रस्ता नदीच्या कडेने जातो, त्यामुळे उतरायच्या जागा सापडतात. पण मधली शेतं, सफरचंदाच्या बागा खासगी आहेत. बांधावरून जायचं तर हाक मारून विचारा. कोणी नाही म्हणत नाही, न विचारता गेलेलं मात्र कोणाला आवडत नाही.

उतरलात की पहिली दहा मिनिटं रॉड जोडूच नका. काठावर बसून पाणी बघा. नवख्याला नदी म्हणजे सगळीकडे सारखाच खळखळाट दिसतो. ट्राउटच्या नजरेने तिच्यात दोनच गोष्टी असतात: फुकटचं अन्न वाहून आणणारी जलद धार आणि अंग टेकायला शांत जागा. त्याला दोन्ही एकमेकींना लागून हव्यात. जलद धारेत उभं राहिलं तर खाल्लेलं सगळं पोहण्यात जातं, संथ डोहात बसलं तर ताट समोरून जातच नाही. म्हणून तो शिवेवर राहतो. धार आणि शांत पाणी यांच्यामध्ये फेसाची एक रेघ दिसते, कधी पानं, काड्या त्याच रेघेवरून वाहत जातात. ती रेघ म्हणजे त्याची जेवणाची पंगत.

आता दगड बघा. पाण्यातून डोकं काढलेल्या मोठ्या खडकामागे शांत पाण्याचा त्रिकोण तयार होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खडकाच्या पुढेही, जिथे पाणी आपटून दुभंगतं, तिथे तळाशी एक छोटी गादी असते आणि चांगला मासा बऱ्याचदा तिथे बसलेला असतो. तीर्थनवर असे खडक शेकड्याने आहेत. प्रत्येकामागे परातीएवढी, कधी ताटाएवढी जागा. फेकायचं ते तिथे. मी तीन तास ज्या मोठ्या डोहाकाठी बसलो होतो, त्याच्या वरच्या तोंडाशी, जिथे धार आत शिरते, तिथे मासे होते. मी शेपटाकडे बसलो होतो.

काठाखालची पोखरलेली जागा, पाण्यावर झुकलेल्या झाडाची सावली, घराटाचं पाणी जिथे परत नदीला मिळतं ती जागा, ही तीन ठिकाणं हमखास बघा. घराट म्हणजे इकडची पाणचक्की. काही अजून चालू आहेत.

मग पायाजवळचा एक दगड उचलून उलटा करा. खाली चिकटलेले बारीक किडे दिसतील. वाळूच्या कणांची नळी करून राहणारा तो कॅडिस, चपटा आणि तीन शेपट्यांचा तो बहुधा मेफ्लाय. ट्राउटचं आजचं जेवण हेच आहे. फ्लाय निवडायची असेल तर मापाने आणि रंगाने याच्या जवळ जाणारी निवडा. दगड परत होता तसा ठेवा, त्याच्यावर बिऱ्हाड आहे.

दबकत जायचं, किती दबकत?

ट्राउट धारेकडे तोंड करून उभा असतो. म्हणून आपण खालच्या बाजूने, म्हणजे त्याच्या पाठीमागून, वर चढत जायचं. सगळी फेरी अशीच उताराकडून चढाकडे करायची. वरून खाली आलात तर तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोरून येता, आणि तुमच्या पायांनी उठलेला गाळ तुमच्याही आधी पोचतो.

पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं आणि त्या खिडकीच्या कडेला प्रकाश इतका वाकतो की पाण्याच्या पातळीला धरून असलेल्या गोष्टी त्याला जवळजवळ दिसत नाहीत. अंदाजाला दहा अंशांचा कोन धरतात. हिशेब केला तर दहा मीटर अंतरावर पाण्यापासून पावणेदोन मीटर उंचीपर्यंतचं सगळं त्या आडोशात येतं. म्हणजे दहा मीटरवर पाण्याच्या पातळीला उभा असलेला मध्यम उंचीचा माणूस जेमतेम लपतो. सहा मीटरवर गेलात तर मीटरभराच्या आत यायला हवं, म्हणजे गुडघ्यावर बसा. उंच काठावर उभे असाल तर काठाची उंचीही तुमच्यात धरा. ऑक्टोबरच्या काचेसारख्या पाण्यात हा हिशेब फार उपयोगी पडतो. श्रावणातल्या गढूळ पाण्यात चालून जाणारी ढिलाई इथे चालत नाही.

सावलीचंही तसंच. सूर्य पाठीशी असेल तर तुमची सावली तुमच्या पुढे दोन पावलं चालते. काठ बदला किंवा खडकाच्या सावलीत स्वतःची सावली मिसळा. खडकावरून उडी मारू नका, दणका पाण्यात जातो. बोललात तर चालतं, हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही. आमच्या खाडीवर बोललं की म्हातारे डोळे वटारायचे, पण त्यांना बहुधा शांतताच हवी असायची.

स्पिनर टाकताना

बसल्या जागेवरून वरच्या बाजूला, थोडं तिरकं, फेका. ज्या खड्ड्यात मासा असेल असं वाटतं त्याच्या दीडदोन मीटर पलीकडे स्पिनर पडायला हवा, थेट डोक्यावर नको. पडताच तंगूस ताणून घ्या आणि धारेपेक्षा किंचित जास्त वेगाने रीळ फिरवा. वेग बरोबर असेल तर पात्याची थरथर रॉडच्या टोकाला जाणवते. ती थांबली म्हणजे तुम्ही हळू आहात, स्पिनर पृष्ठभागावर फडफडायला लागला म्हणजे घाई झाली. थंड पाण्यात मासा लांबवर पाठलाग करत नाही, तेव्हा जितकं हळू आणि खोल ठेवता येईल तितकं ठेवा. अधूनमधून तळाला खुट्ट लागायला हवं. दिवसात दोनतीन स्पिनर दगडात अडकून गेले नाहीत तर तुम्ही फार वरून खेळताय.

एका जागी दोन, फार तर तीन वेळा फेका. काही झालं नाही तर पुढे चला. बघायचा असता तर त्याने पहिल्याच फेकीत बघितलं असतं. एखादा मासा मागून आला आणि वळून गेला, तर त्या जागी लगेच परत टाकू नका. पाच मिनिटं बसा, छोटा स्पिनर लावा, मग टाका. हे मला कोणी शिकवलं नाही, तंबाखू मळायला थांबलो होतो त्यात कळलं.

फ्लायवाल्यांसाठी थोडक्यात: अशा खडकाळ पाण्यात लांब फेकीचा डौल कामाचा नाही. वर तरंगणारी एल्क हेअर कॅडिस, तिच्या गळाला बांधलेला हातभर बारीक तंगूस आणि त्याच्या टोकाला वजनदार डोक्याची फेझंट टेल. वरची फ्लाय आपल्या बुचाचं काम करते, ती थबकली किंवा बुडाली की हलकासा झटका. रॉड उंच धरा, म्हणजे मधल्या जलद धारेवर लाइन पडत नाही आणि फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहते. ओढली गेलेली फ्लाय ट्राउट ओळखतो. पाच-सहा मीटरच्या आतच सगळं काम होतं, त्यामुळे वरचा दबकण्याचा हिशेब इथे दुप्पट लागू.

लागला की

रॉड उंच, तंगूस ताठ. रिळाचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आधीच लावून ठेवलेला असावा. मासा खालच्या बाजूला धारेत गेला तर धार त्याच्या बाजूने भांडते, म्हणून दोन पावलं तुम्ही खाली सरका आणि त्याला बाजूच्या शांत पाण्यात वळवा. दमवत बसण्यात काही पुरुषार्थ नाही. फूटभर मासा दीडदोन मिनिटांत हातजाळ्यात यायला हवा.

हात आधी पाण्यात बुडवा. कोरड्या हाताने धरलात तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तो गेला की बुरशी लागते. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, आणि पकडीने गळ उलटा फिरवून काढा. गळ घशात गेला असेल तर ओढाओढ न करता तंगूस तोंडाजवळ कापा. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत, पोट दाबायचं नाही. फोटो हवा तर सोबत्याला कॅमेरा तयार ठेवायला सांगा, दहा मोजेपर्यंत मासा पाण्याबाहेर, मग आत. सोडताना तोंड धारेकडे करून सैल हातात धरा. तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत थांबा.

परवाना ठरावीक मासे न्यायची मुभा देतो, पण ऑक्टोबरातला ब्राउन मी सोडतो. दोन आठवड्यांनी तो किंवा ती पुढच्या वर्षांच्या माशांची बेगमी करणार आहे.

जिथे टाकायचं नाही

मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून परत खडी ओढते. ही जागा बहुतेक डोहाच्या शेपटाकडे, पाणी उथळ होऊन पुन्हा वेग घेतं तिथे असते. आजूबाजूचे दगड शेवाळाने काळपट, आणि मध्येच घासलेल्या भांड्यासारखा उजळ, लांबट पट्टा दिसला की ओळखा. त्यावर दोन मासे शेजारी शेजारी उभे असतील तर ते तुम्हाला घाबरणार नाहीत, इतके जवळ येऊ देतील की मोह होईल. गळ टाकू नका आणि त्या खडीवरून चालूही नका. अंडी हिवाळाभर त्या खडीतच असतात, एक पाऊल त्यांना पुरतं. नदी ओलांडायची तर मोठ्या दगडांच्या जागेवरून ओलांडा.

पाय आणि पाणी

गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं कारण या नदीवर नाही. आठ-दहा अंशांच्या पाण्यात पाय पाच मिनिटांत बधिर होतात, आणि बधिर पाय दगडावर नीट बसत नाही. शेवाळलेल्या गोट्यांवरून एकदा मी असा गेलो की रॉडचं टोक मोडलं आणि कोपर महिनाभर दुखलं. काठी धारेच्या वरच्या बाजूला रोवून, एका वेळी एकच पाय हलवा.

वर पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही पाणी चढतं. पाण्याचा रंग बदलला, काड्या-पानं अचानक वाढली की विचार न करता काठावर या. बियास आणि सैंज यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे वर धरणं आहेत. जून 2014 मध्ये थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी लारजीच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. येता-जाता गाडी थांबवून तिथे सहज दोन फेकी टाकायच्या, असला विचार मनात आणू नका.

काठावर बिच्छू बूटी उगवते, हिरवी, कातरलेल्या पानांची, लव असलेली. हाताला लागली तर तासभर आग होते. आणि कुठल्या पट्ट्यात आहात, किती वाजता परत येणार, हे मुक्कामी सांगून निघा. नदीच्या खोबणीत मोबाइलला रेंज नसते.

तीन वाजता

ऊन समोरच्या डोंगरावर चढायला लागलं की गुंडाळायला घ्या. तंगुसाचे तुकडे खिशात, पाखरांच्या पायांना अडकतात. बूट आणि जाळं दुसऱ्या नदीवर नेण्याआधी कडकडीत वाळवा, एका पाण्याचा रोग दुसऱ्यात जात नाही.

मासा ताटात हवाच असेल तर पाळलेला रेनबो विकत घ्या, खोऱ्यात ट्राउटच्या शेती आहेत आणि ताजा मासा तुमच्यासमोर काढून देतात. मी घरून निघतानाच कोकमाच्या आगळाची छोटी बाटली, मालवणी मसाला आणि तांदळाचं पीठ घेतो. ट्राउटची खवलं इतकी बारीक की खरवडायची गरज नाही. पोट साफ करून, दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देऊन मीठ, हळद, आगळ चोळून अर्धा तास ठेवायचा, मग मसाला लावून पिठात घोळवून तव्यावर मंद आचेवर. मांस नाजूक असतं, एकदाच उलटा. पहिल्या वर्षी आजोबांनी आगळाचा रंग बघून तोंड वाकडं केलं होतं. आता फोन केला की खोली रिकामी आहे का, याच्या आधी ते बाटली भरून ठेवलीस का, हे विचारतात.